बँकॉकमध्ये ‘सामी’ हरवले

सहलीच्या छापील कागदावर चौथ्या दिवसापुढे ‘मंगळवार, सफारी पार्क’ असं लिहिलेलं होतं. आदल्या रात्री जेवताना आमचे हे एकदम म्हणाले, “वाघ-सिंह बघायला एवढ्या लांब कशाला? तुझी ती रामायणाची भिंत बघू की. दोघंच जाऊ.”

माझ्या हातातला घास हातातच राहिला. कराडहून निघायच्या आधी दोन महिने मी बँकॉकच्या राजवाड्यातल्या त्या भिंतीबद्दल बोलत होते. हे पेपर वाचत असायचे, नाहीतर टीव्हीसमोर. ऐकलंय हे मला कधी कळलंच नव्हतं.

मी चौतीस वर्षं संस्कृत शिकवलं, उंब्रजच्या बाजूच्या एका शाळेत. आठवी ते दहावी. मुलं संस्कृत घ्यायची ती मार्कांसाठी, आणि दहावी झाली की पुस्तकं रद्दीत जायची. त्याचं मला फार वाईट वाटायचं. हे एसटीच्या आगारात मेकॅनिक होते, शेवटची काही वर्षं हेड मेकॅनिक. माझे शब्द आणि यांची इंजिनं एका घरात राहिली, पण एकमेकांच्या खोलीत फारशी गेली नाहीत. आता दोघेही निवृत्त आहोत. लेकीने तिकिटं काढून दिली आणि फेब्रुवारीत आम्ही बँकॉकला गेलो.

जाण्याआधी मी एक शंभर पानी वही केली होती. मोबाइलवर थाई शब्द ऐकायचे आणि देवनागरीत उतरवायचे. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की या भाषेच्या बोलण्याचा आपल्याशी संबंध नसला, तरी तिच्या घरात आपल्या आजीचे दागिने आहेत. त्यांची मुळाक्षरंसुद्धा क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग याच क्रमाने लावलेली. तो तक्ता बघितला त्या रात्री मला झोप आली नाही.

सकाळी सात वाजता हॉटेलच्या काउंटरवर एक मुलगी होती. मी तिला नमस्कार केला, तिने हात जोडून ‘सवात्दी’ म्हटलं. हा शब्द म्हणजे आपलं ‘स्वस्ति’. मी वही उघडून बँकॉकचं खरं नाव वाचायला लागले. बँकॉक हे बाहेरच्यांचं नाव. तिथले लोक ‘क्रुंग थेप’ म्हणतात, देवांचं नगर, आणि पूर्ण नाव इतकं लांब आहे की जगातलं सर्वांत लांब गावाचं नाव म्हणून त्याची नोंद आहे. त्यात महानगर आहे, अमररत्न आहे, नवरत्न राजधानी आहे, आणि शेवटी हे शहर शक्राने, म्हणजे इंद्राने दिलं आणि विश्वकर्म्याने बांधलं, असं आहे. मी माझ्या उच्चारात म्हणत गेले, ती मुलगी तिच्या उच्चारात माझ्याबरोबर म्हणत गेली. तिला ते तोंडपाठ होतं. शेवटी तिने मला विचारलं, “ख्रू?” मी वहीत बघितलं. ख्रू म्हणजे गुरू, शिक्षिका. मी मान डोलावली, तर तिने पुन्हा हात जोडले, या वेळी बोटं कपाळाजवळ नेऊन आणि मान जास्त लववून. शाळा सुटून पाच वर्षं झाली होती. मला काही बोलता आलं नाही.

आमचं हॉटेल प्रातुनाममध्ये होतं. तिथून चालत राच्चथेवी स्टेशनला गेलो. रस्त्यावर स्कूटरींचा लोंढा, फुटपाथवर तळणीचा वास, डोक्यावरून जाणारी आकाशगाडी. हे कुठलाही रस्ता ओलांडताना माझं मनगट धरतात, तसं धरून चालत होते. गाडीत बसल्यावर प्रत्येक थांब्याआधी बाईचा आवाज यायचा, “सथानी तो पाय...” म्हणजे पुढचं स्टेशन. मी यांना म्हटलं, “ऐकलंत? सथानी. आपलं स्थान, स्थानक.” हे म्हणाले, “हं.” यांचं लक्ष गाडी थांबली की दारं बरोबर खुणेवर कशी येतात त्याकडे होतं. सियामला गाडी बदलली आणि सफान ताक्सिनला उतरलो. तिथे जिना उतरलं की समोर चाओ फ्राया नदी.

नारिंगी झेंड्याच्या होडीचं तिकीट सोळा बाथ, कितीही लांब जा. तेव्हा बाथ म्हणजे साधारण अडीच रुपये. ऑफिसला जाणारी माणसं, दप्तरं घेतलेली मुलं, मागे दोन भगव्या वस्त्रातले भिक्खू. त्यांच्यासाठी जागा राखून ठेवलेली असते. होडी धक्क्याला लागताना मागे उभा असलेला माणूस शिट्टी वाजवून चालवणाऱ्याला खुणा करतो, अगदी आपला कंडक्टर डबल बेल देतो तशा. आमचे हे तिथून हललेच नाहीत.

आणि मग यांना लांब शेपटीच्या होड्या दिसल्या. अरुंद, लांबलचक होडी, पुढे नाकाला रंगीत कापडं आणि फुलांच्या माळा, आणि मागे गाडीचं उघडंवाघडं इंजिन एका खुंटावर तोललेलं. इंजिनला लावलेला दोन माणसं लांब शाफ्ट, टोकाला पंखा. “अगं, बघ की! सुकाणूच नाही,” हे म्हणाले. “अख्खं इंजिनच वळवतोय तो दांड्याने. उथळ पाणी आलं की पंखा वर उचलायचा. कुणी केलं असेल गं हे पहिल्यांदा?” यांचा चेहरा असा मी क्वचित बघितलाय. नवी गाडी पहिल्यांदा आगारात आली की घरी येऊन सांगायचे तेव्हा असायचा. मी विचारलं, ते इंजिन कुठल्या गाडीचं असेल? आणि मग ता चांग धक्का येईपर्यंत मला सगळं समजावून सांगितलं. मी पहिल्यांदाच नीट ऐकलं, हे इथे कबूल करते.

राजवाड्याच्या बाहेर एका माणसाने गोड बोलून सांगितलं की आज दुपारी एकपर्यंत बंद आहे, तोवर दुसरीकडे फिरवून आणतो. ही जुनी फसवणूक आहे हे आम्हाला माहीत होतं. तुम्ही गेलात तर कुणाचं ऐकू नका, सरळ फाटकापर्यंत जा. साडेआठला उघडतं. तिकीट माणशी पाचशे बाथ. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. माझं लुगडं आणि यांचा लेंगा-शर्ट, डोक्यावर पांढरी टोपी, त्यामुळे आम्हाला कुणी अडवलं नाही.

१७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने अयुथया, म्हणजे त्यांची अयोध्या, जाळली. त्यानंतर ताक्सिन राजाने नदीच्या पलीकडच्या काठावर थोनबुरीला राजधानी केली, आणि १७८२ मध्ये पहिल्या रामाने ती या काठावर आणली. या घराण्यातल्या राजांना पहिला राम, दुसरा राम असंच म्हणतात. राजवाड्याच्या आवारातच वात फ्रा केओ हे मंदिर. आत पाचूचा बुद्ध. नाव पाचूचा, पण मूर्ती हिरव्या दगडाची, उंची जेमतेम दोन-सव्वादोन फूट, आणि बसलेली इतक्या उंचावर की मान वर करावी लागते. वर्षातून तीन वेळा, उन्हाळा, पावसाळा, हिवाळा, राजा स्वतः तिचं वस्त्र बदलतो. आम्ही गेलो तेव्हा हिवाळ्याचं होतं, अंगभर सोन्याच्या जाळीचं पांघरूण. मला आपला विठोबा आठवला, थंडीत त्याच्याही अंगावर शाल असते. यांनी टोपी काढून खिशात ठेवली आणि जमिनीवर डोकं टेकलं. आत फोटो काढू देत नाहीत, ते बरंच आहे.

मग भिंत.

मंदिराभोवती चारी बाजूंनी ओवऱ्या आहेत आणि त्यांच्या भिंतींवर रामायणाची १७८ चित्रं. त्यांचं रामायण ‘रामकियन’, म्हणजे रामकीर्ती. रावण तिथे थोत्सकान, दशकंठ. विभीषण फिफेक, अंगद ओंगखोत, इंद्रजित इंथरचित. सुरुवात जनक राजा जमीन नांगरताना सीता सापडते तिथून होते. आमच्यापैकी एकाला तिथेच मुक्काम करायचा होता आणि एकीला पुढे पळायचं होतं, आणि पुढचं सगळं त्यातून घडलं.

मी पळाले ते मारुतीसाठी. आमच्या भागात समर्थांचे अकरा मारुती. उंब्रजचा, मसूरचा, माजगावचा, चाफळचे दोन. शनिवारी यातल्या एकाला तरी जाणं माझ्या माहेरी ठरलेलं. त्या भिंतीवरचा हनुमान पांढरा आहे, अंगावर राजपुत्रासारखे दागिने, आणि त्याची गोष्ट आपल्यापेक्षा वेगळी आहे. सेतू बांधताना टाकलेले दगड पाण्याखालून कुणीतरी पळवतं. हनुमान बुडी मारतो तर ती सुफन मच्छा, सुवर्णमत्स्या, रावणाची मुलगी, अर्धी मासोळी. तो तिच्याशी लग्न करतो. त्यांचा मुलगा मच्छानू, म्हणजे आपला मकरध्वज म्हणा. आपल्याकडे मारुती ब्रह्मचारी आणि मकरध्वज घामाच्या थेंबातून झालेला; इथे तो संसारी. मला ते चित्र बघून जरासुद्धा खटकलं नाही. एका चित्रात तर हनुमान डोंगराएवढा झालाय आणि मैयरापपासून, आपल्या महिरावणापासून वाचवण्यासाठी रामाचा अख्खा तंबू त्याने तोंडात धरलाय. दातांच्या आत राम सुखरूप बसलेला! मी त्या चित्रासमोर किती वेळ उभी होते मला सांगता येणार नाही. वळून म्हटलं, “अहो, बघितलंत का?” तर मागे एक परदेशी मुलगी.

हे नव्हते.

पाच मिनिटं मी तिथेच थांबले. मग डावीकडे गेले, मग उजवीकडे. तोवर गर्दी इतकी वाढली होती की छत्र्या आणि झेंडे घेतलेले गट एकमेकांत मिसळत होते. सिम कार्ड आम्ही एकच घेतलं होतं, ते यांच्या फोनमध्ये. यांच्या ब्लड प्रेशरच्या गोळ्या माझ्या पर्समध्ये. ऊन वर आलं होतं. माझ्या सासऱ्यांनी वारीत घालून दिलेला नियम आहे, चुकामूक झाली तर जिथे शेवटचे बरोबर होतो तिथे जाऊन थांबायचं. मला आठवत होतं की आम्ही शेवटचे बरोबर होतो ते फाटकाजवळच्या राक्षसांपाशी. ते बारा प्रचंड यक्ष आहेत, जोडीजोडीने उभे. त्यातला हिरवा दशकंठ, पांढरा सहात्सदेचा, म्हणजे सहस्रतेज. तिथे जाऊन मी अर्धा तास उभी राहिले. हे आले नाहीत.

शेवटी एका पहारेकऱ्याजवळ गेले. तरुण पोरगा होता. मी मराठीत बोलले, मग हिंदीत, मग मला येतं तेवढ्या इंग्रजीत. घशात आवंढा आला की तेवढंही इंग्रजी येत नाही. तो डोळे बारीक करून ऐकत होता. मग वहीतलं एक पान मला आठवलं. तिथे मी दोन शब्द शेजारी शेजारी लिहिले होते आणि खाली रेघ मारली होती.

मी म्हटलं, “सामी.”

स्वामी. थाईमध्ये सामी म्हणजे नवरा.

त्याने भुवया उंचावल्या. मी पुन्हा म्हटलं, हात पसरून ‘नाही’ची खूण केली, आणि डोक्यावर टोपीचा आकार काढला. पोराच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. माझ्याकडे बोट करून त्याने विचारलं, “फन्रया?”

भार्या!

मी इतक्या जोरात हो म्हटलं की दोघे-तिघे वळून बघायला लागले. किती वर्षं मी तो शब्द फळ्यावर लिहिला आहे. भार्या, भार्ये, भार्याः. आकारान्त स्त्रीलिंगी, मालेप्रमाणे चालवा. आणि इथे एका परक्या मुलुखात, एक वीस-बावीस वर्षांचा पहारेकरी मला विचारत होता, तू त्याची भार्या का? मी रडले, ते सांगायला मला संकोच वाटत नाही.

त्याने खांद्यावरचा वायरलेस तोंडाशी धरला. त्या यंत्राला ते ‘वित्थयू’ म्हणतात, त्यातही आपली विद्युत् आहे, पण ते मला रात्री आठवलं. त्याच्या बोलण्यातलं ‘सामी’ आणि ‘इंदिया’ एवढं कळलं. त्याने हाताने डोक्यावर टोपी काढून दाखवली, जणू वायरलेसवरून ती दिसणार होती. दोन मिनिटांत उत्तर आलं. तो मला ओवरीतून चालवत घेऊन गेला, मी इतका वेळ जिथे गेलेच नव्हते त्या बाजूला. पहिल्या चित्रापाशी. जनक राजाच्या नांगरापाशी कठड्याला टेकून पांढरी टोपी घातलेले आमचे हे उभे होते.

“शेवटचं इथंच होतो की आपण,” हे म्हणाले. “म्हटलं, येशील.” आवाज नेहमीसारखा होता, पण माझं मनगट धरलं ते हात थरथरत होता.

यांना खरोखर वाटत होतं की आम्ही शेवटचे तिथे बरोबर होतो. मी पुढे गेले ते यांना कळलंच नव्हतं. शेतकऱ्याचं पोर नांगराकडे बघत राहिलं आणि वळून बघितलं तर मी नाही. नियम दोघांनीही पाळला होता. मी पहारेकऱ्याला ‘खोप खुन’ म्हटलं, आणि यांनी त्याला दोन्ही हातांनी नमस्कार केला. तो पोरगा लाजला.

ओवरीच्या पायरीवर बसून गोळी दिली, पाणी प्यायलो. मी यांना सगळं सांगितलं, सामी आणि फन्रया. हे थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “तुझ्या त्या वहीत अजून काय काय आहे?”

वात फो या दुसऱ्या मंदिरापर्यंत दहा-पंधरा मिनिटांचं अंतर, ते आम्ही चांगलं तासभर चाललो, कारण मी वही उघडून सांगत होते. धन्यवाद म्हणताना ते खोप खुन म्हणतात, त्यातला खुन म्हणजे गुण. माफ करा म्हणायचं तर खो थोत. खो म्हणजे मागणं आणि थोत म्हणजे दोष. गर्दीत धक्का लागला की माणूस म्हणतो, खो थोत. आभारात गुण आणि क्षमेत दोष, यापेक्षा सुंदर वाटणी मला माहीत नाही. मग उच्चाराचे नियम सांगितले. लिहिताना ते संस्कृतातलं अक्षर जसंच्या तसं राखतात, बोलताना बदलतात. गचा ख होतो, जचा च, दचा थ, भचा फ. शेवटी र किंवा ल आला की जीभ तिथे न म्हणते. म्हणून नगरचं नखोन, विहारचं विहान, आहारचं आहान. हे थांबले. “म्हणजे चॅसी आपली, बॉडी इथल्या कारखान्यात बांधलेली. दापोडीला एसटीची बांधतात तशी.” मी एवढी वर्षं शिकवलं, अपभ्रंश असा एका वाक्यात मला कधी सांगता आला नाही.

भूक लागली होती. मंगळवारी हे मांसाहार करत नाहीत. रस्त्याकडेच्या गाडीवरच्या बाईला मी ‘मंग्सविरत’ म्हटलं, म्हणजे मांसविरती, शाकाहारी. तिने मासळीचं पाणी घालायची बाटली बाजूला सारली आणि भाज्यांचा भात परतून दिला. नंतर आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात घेतला. यांना तो नारळी भातापेक्षा आवडला. मला नारळी भातच बरा, पण आंबा फार गोड होता.

वात फो म्हणजे बोधीचं मंदिर. अधिकृत नावात चेतुफोन आहे, ते आपलं जेतवन. पहुडलेला बुद्ध बघायला लोक जातात. ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच, सोन्याच्या मुलाम्याचा, आणि खांबांच्या मधून मधून दिसणारा, त्यामुळे तो एका नजरेत कधीच मावत नाही. आधी चेहरा, मग कोपर, मग चालत चालत पाय. तळपायांवर शिंपल्यांच्या जडावाची १०८ शुभचिन्हं आहेत. मागच्या बाजूला १०८ पितळी रंगाची भांडी रांगेत ठेवलेली असतात, त्यात एकेक नाणं टाकत जायचं. आत सतत टण, टण, टण असा आवाज असतो.

थाई लोकांत प्रत्येक वाराचा एक रंग आणि एक बुद्ध असतो. मंगळवारचा रंग गुलाबी, आणि मंगळवारचा बुद्ध हा पहुडलेला. मंगळवारला ते ‘अंगखान’ म्हणतात, अंगारक, आपली अंगारकी. आणि आमच्या यांचा जन्म मंगळवारचा! सासूबाई सांगायच्या, लग्नाच्या वेळी काही घरांनी मंगळवारचा पोर म्हणून नाकं मुरडली होती. मी यांना म्हटलं, “हा तुमचा बुद्ध.” हे तळपायांशी उभे राहिले आणि १०८ नाणी एकही भांडं न चुकवता टाकली. मी बाजूने चालत मोजत होते.

पण मला वात फोमध्ये जास्त आवडलं ते दुसरंच. तिसऱ्या रामाने एकोणिसाव्या शतकात वैद्यक, मालिश, काव्य, नीती असं सगळं ज्ञान दगडांवर कोरून मंदिराच्या भिंतींत बसवलं, म्हणजे येणाऱ्या कुणालाही ते वाचता यावं. युनेस्कोने त्या शिलालेखांना जागतिक स्मृतीच्या यादीत घेतलंय. आवारात ऋषींचे छोटे पुतळे आहेत, अंग ताणून आसनं करणारे; त्यांना ‘रूसी’च म्हणतात. एका पुतळ्याने पाय असा मुरडला होता की यांनी आपल्या गुडघ्याला हात लावला.

ता तियन धक्क्यावरून पलीकडे वात अरुणला पाच बाथमध्ये नावेने गेलो. अयुथया जळाल्यावर ताक्सिन नदीतून खाली आला आणि पहाटे या मंदिरापाशी पोचला, अशी आख्यायिका. म्हणून अरुण. पाचूचा बुद्ध आधी इथेच होता. लांबून करड्या दगडाचं वाटतं, जवळ गेलं की कळतं की सगळं चिनीमातीच्या तुकड्यांनी मढवलंय. बशा फोडून केलेली फुलं, पाकळ्या, वेली. कोनाड्यांत तीन तोंडांच्या हत्तीवर, एरावानवर, इंद्र. पायऱ्या खूप उभ्या आहेत. मी चढले, हे खाली थांबले, आणि या वेळी कुठे थांबायचं ते आम्ही बोट दाखवून ठरवलं. वरून खाली बघितलं तर भाड्याचे थाई पोशाख घातलेल्या मुली फोटो काढत होत्या आणि त्यांच्या मधोमध एक पांढरी टोपी.

संध्याकाळी परत या काठाला येऊन पाक खलोंग तलातच्या फुलबाजारात गेलो. झेंडूचे ढीगच्या ढीग, गोण्यांत भरलेले, पुण्याच्या मार्केट यार्डात दसऱ्याला असतात तसे. कमळाच्या मिटलेल्या कळ्या. मोगऱ्याला म्हणतात मलि, मल्लिका, आणि माळेला मलाय. एक बाई बर्फावर मोगऱ्याचे गजरे मांडून बसली होती, खाली गुलाब आणि चाफ्याचा झुबका लावलेले. यांनी न सांगता वीस बाथ काढले. मी केसांत माळायला गेले, तर ती बाई हसून मान हलवायला लागली आणि तिने हात जोडून दाखवलं: तो देवाला वाहायचा, किंवा मोठ्यांना द्यायचा. मी तो हातात धरला. यांनी कधी गजरा आणला होता, हे आठवायला मला फार मागे जावं लागलं.

सनाम चाय स्टेशन तिथून जवळ. चाय म्हणजे जय. जमिनीखाली उतरलं आणि दोघेही थबकलो: सोनेरी नक्षीचे खांब, लाल छत, दरबाराच्या दालनासारखं. हे खांबावरून हात फिरवत फिरवत गेले. पुढे दोनदा गाडी बदलायची होती. सियामला खूप गर्दी होती. एका मुलाने उठून मला जागा दिली, हे माझ्यासमोर वरचा कडा धरून उभे राहिले. माझे पाय ठणकत होते. मांडीवर वही, वहीवर मोगरा. डोळे मिटत होते.

“सथानी तो पाय,” गाडीतली बाई म्हणाली, “राच्चथेवी.”

यांनी वरचा नकाशा बघितला, ओठांतल्या ओठांत काहीतरी जुळवलं. चचा ज, थचा द. मग खाली वाकून माझ्या हातातली पर्स घेतली.

“उठ,” हे म्हणाले. “राजदेवी आली.”